उसना आजार

ता. ९ जुलै, सकाळी सात वाजून वीस मिनिटे

ताईला नमस्कार.

हे लिहायला बसलो आहे तेव्हा स्टोव्हवर माझा कप, ताटली आणि चमचा उकळत आहेत. नर्सने वीस मिनिटे उकळायला सांगितले आहे आणि तोवर मला दुसरे काम नाही. मोबाईल मागच्या आठवड्यात विकला, म्हणून पत्र. घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच.

मला क्षय झाला आहे. तीन महिने खोकत होतो. बटणांना भोके पाडताना जी भुकटी उडते तिचा खोकला असेल, असे मुकादम म्हणायचा आणि मीही तेच धरून चाललो होतो. कारखान्यात सगळेच खोकतात, त्यात माझा कोण वेगळा ऐकणार? मग रुमालावर रक्त दिसले. विमा दवाखान्यात थुंकी तपासली. कागदावर तीन अधिकच्या खुणा आहेत. मी नर्सला विचारले, तीन म्हणजे किती? ती म्हणाली, "याच्या वर मोजतच नाहीत." शाळेत मला कधी पैकीच्या पैकी मिळाले नाहीत, ते इथे मिळाले.

सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही. पहिले दोन महिने कामावर जायचे नाही, कारण माझ्यापासून दुसऱ्यांना लागण होईल. गोळ्या फुकट आहेत, पोट मात्र विकत.

त्यासाठीच विमा असतो, असे मी समजत होतो. तीन वर्षे दर महिन्याला पगारातून कापतात. आजारी पडले की शंभरातले सत्तर घरी बसून मिळतात, क्षयाला तर वर्षभरसुद्धा मिळतात. भिंतीवर तसा मोठा फलक आहे. सोमवारी कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाला बोट जिभेला लावून कागद उलटायची सवय आहे. माझा क्षयाचा कागदही त्याने तसाच उलटला. मला सांगायचे होते, पण धीर झाला नाही.

"तुझे पैसे भरलेले नाहीत," तो म्हणाला.

"कापलेत साहेब. ही पगाराची चिठ्ठी."

"कापले असतील. भरलेले नाहीत. मालकाकडून भरल्याची पावती आण."

"भरलेच नसतील तर पावती कुठून देतील?"

"मग आजारी कशाला पडलास?"

मागची रांग हसली. मलाही हसू आले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

घरमालकीणबाईंनी माझे अंथरूण जिन्याखालच्या खोलीत हलवले. भाडे तेवढेच. तिथे झाडू, बादल्या आणि मी असे राहतो. बाई बोलायचे झाले तर जिन्यावरून बोलतात, वरून पाणी ओतावे तशा.

ताई, दोन महिने तुझ्याकडे येऊ का? मागच्या खोलीत पडून राहीन. मुलांकडे फिरकणार नाही. माझी भांडी माझी मी उकळीन.

तुझा धाकटा


ता. १५ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास, तुला कडेवर घेऊन मी भांडी घासली आहेत. तुला 'ये' म्हणायला जीभ रेटत नाही आणि 'नको' म्हणायलाही रेटत नाही.

पण कसा येशील? मी पाळणाघरात तान्ही मुलं सांभाळते. घरात क्षयाचा माणूस आहे असं कळलं तर मला दारात उभी करणार नाहीत. आणि मागची खोली आता खोली राहिलेली नाही. ह्यांनी तिथे काचेच्या पेट्या आणून ठेवल्यात, एकावर एक, छतापर्यंत. शोभेच्या माशांचं दुकान काढायचं म्हणतात. "पंपाच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून हे कसं जमायचं?" असं विचारलं तर म्हणतात, "सवड काढू." माशांना जिवंत किडे घालावे लागतात, लाल, केसासारखे बारीक, एकमेकांत वळवळणारे. त्यांचा डबा आमच्या फ्रीजमध्ये दुधाच्या भांड्याला चिकटून असतो. छोटीने दूध सोडलं. मीही कोरा चहा घेते. बोलायची सोय नाही.

पण एक सांगते, तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या माहेरच्या माणसाची इतकी चौकशी ह्यांनी कधी केली नव्हती. रजा किती दिवसांची, पगार किती मिळतो, त्या तीन खुणा म्हणजे काय, थुंकी कुठे तपासतात. मला अगदी भरून आलं. माणूस वरून फणस असतो, आतून काही वेगळाच, असं वाटलं.

तू मालकाकडे जा. अडला हरी गाढवाचे पाय धरी. तूही धर. पाकिटात शंभर ठेवलेत, हे कुणाला सांगू नकोस. फोन ह्यांच्या खिशात असतो, तेव्हा पत्रच टाकत जा.

तुझी ताई


ता. ४ ऑगस्ट, दुपारी

ताईला नमस्कार.

शंभर मिळाले. त्यातून दूध घेतले. पिताना तुझ्या फ्रीजमधला तो डबा आठवला, पण डोळे मिटून प्यालो.

मालकाकडे गेलो होतो. त्यांनी मला आत येऊ दिले नाही. ते वरच्या मजल्याच्या खिडकीत आणि मी खाली अंगणात, असे आमचे बोलणे झाले, म्हणजे ओरडणेच.

"पावती पाहिजे तर कामावर ये!"

"डॉक्टरांनी मनाई केली आहे!"

"मग कामावर नसलेल्या माणसाला मी पावती कशी देऊ? माझ्या हजेरीत कुणी आजारी नाही. तू गैरहजर आहेस!"

"तीन वर्षांचे कापलेले पैसे?"

"ते हिशेबात आहेत!" असे म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. मग परत उघडली आणि शिपायाला म्हणाले, "तो उभा होता तिथे फिनेल टाक." शिपायाने माझ्यासमोर टाकले. माझ्या चपलांवर उडाले. वीस जण दारात उभे राहून बघत होते, त्यातले पंधरा माझ्यासारखेच खोकतात आणि त्यांचेही पैसे भरलेले नसणार. ड्रिलवर बसणारा माझा दोस्त तेवढा फाटकापर्यंत आला आणि शर्टात लपवून आणलेली चार अंडी देऊन गेला.

आता चांगली गोष्ट. परवा रविवारी भावोजी आले होते! मी दार उघडले तर समोर ते, हातात सफरचंदांची पिशवी आणि नाकाला रुमाल.

"काय मेव्हणे, आजार काढलात तो राजेशाही काढलात!" म्हणाले आणि उंबऱ्यावरच टेकले. मी आत बोलावले नाही, मलाच भीती होती. त्यांनी दवाखान्याची बारीकसारीक चौकशी केली. मग म्हणाले, "इथल्या लोकांवर काय भरवसा? आमच्या गावातला डॉक्टर पोचलेला आहे. तुझी थुंकी त्याला दाखवतो. दुसरे मत घ्यावे माणसाने."

रात्री ते जवळच्या लॉजवर राहिले आणि उजाडताना डबी घेऊन आले. "उठल्याउठल्याची पहिली पाहिजे. लाळ नको, आतून आलेली, घट्ट." नर्सलाही इतके नीट सांगता आले नव्हते. मी पाठ फिरवून डबी भरली, झाकणाला चिकटपट्टी लावली, ओल्या फडक्यात गुंडाळली, वर माझ्या नावाची चिठ्ठी लावली. ती त्यांनी काढून टाकली. म्हणाले, "नाव मी तिथे नीट घालतो." आपली थुंकी दुसऱ्याच्या हातात देताना माणसाला मेल्याहून मेल्यासारखे होते. पण भावोजींनी ती डबी तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांनी घेतली. गेल्यावर पाहिले तर सफरचंदांच्या पिशवीत दोनशे होते.

मी इतकी वर्षे त्यांच्याविषयी मनात वाईट आणत होतो, याची लाज वाटली. त्या डॉक्टरांनी काय सांगितले ते लगेच कळव.

तुझा धाकटा


ता. २३ ऑगस्ट

धाकट्यास,

तुला मी काय म्हणू? ह्यांना क्षय निघाला. थुंकीत तीन खुणा, तुझ्यासारख्याच. छातीचा फोटो स्वच्छ आहे, डॉक्टर चक्रावले, म्हणाले सुरुवात असेल. एका रात्रीसाठी तुला बघायला आले आणि हे घेऊन आले. दोन वेळा जेवण देणारा माणूस माझा, त्यालाच तू धरलंस. मीच तुझं पत्र ह्यांना वाचायला दिलं, मीच घात केला.

मुलं सासूबाईंकडे पाठवली. छोटी गाडीच्या खिडकीतून हात सोडेना. मी ह्यांची ताटं उकळते, चादरी उकळते, रुमाल जाळते. हातांची सालं निघाली आहेत. वेगळी झोपते. शेजारणीने दोरीवरचे तिचे कपडे पलीकडे नेले. आणि पाळणाघरात मीच आपण होऊन सांगितलं, लपवायचं कसं, तान्ही मुलं आहेत. बाईंनी त्याच दिवशी हिशेब हातात ठेवला. जाताना ज्या बाळाला मी कडेवर घेतलं होतं, त्याचा सदरासुद्धा बदलला.

ह्यांची रजा मंजूर झाली, वर्षभरापर्यंत मिळेल, शंभरातले सत्तर घरबसल्या. तेवढं तरी नशीब. हे दिवसभर माशांजवळ असतात. खोकला ऐकू येत नाही. विचारलं तर म्हणतात, "तू घाबरशील म्हणून दाबून ठेवतो." मला रडू येतं. खाणं मात्र चांगलं आहे, वजन वाढलं आहे.

तू आता पत्र लिहू नकोस. आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

ताई


ता. २८ ऑगस्ट

ताईला नमस्कार.

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो, कारण तुझ्यासाठी बातमी चांगली आहे. मुलांना परत आणता येईल की नाही या काळजीत तू आणखी दोन दिवसही राहू नयेस म्हणून लगेच टाकतो आहे.

भावोजींना काहीही झालेले नाही.

नर्सला मी विचारले. ती म्हणाली, लागण झाली तरी आजार वर यायला महिने, कधी वर्षे लागतात, तीन आठवड्यांत तीन खुणा येत नाहीत. फोटो स्वच्छ, खोकला नाही, वजन वाढते आहे. आणि ज्या डबीतून मी दुसरे मत मागवले होते, तिचे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही. ते उत्तर तू दिलेस. तीन खुणा. ताई, ती थुंकी माझी आहे. चिठ्ठी का काढली ते आता मला समजले.

मी ती डबी किती काळजीने भरली! सांडू नये म्हणून ओले फडके! मी पहाटे उठून आतून खेचून खेचून काढले, कारण मला वाटले माझ्यासाठी कुणीतरी धडपडतो आहे.

काल विमा कचेरीचे उत्तर आले. माझा अर्ज नामंजूर. मालकाने पैसे भरले नाहीत, सबब मी विमेदार नाही. म्हणजे बघ, माझ्या थुंकीला पगार सुरू झाला आहे आणि मला नाही. ती तिकडे घरी बसून शंभरातले सत्तर खाते आणि मी इथे बादल्यांमध्ये बसून शिळा पाव खातो. मालक चोर आहे हे मला माहीत होते. पण त्याने निदान माझ्या छातीत हात घातला नाही.

तू पाळणाघरात जा आणि सांग. खरे सांग. मुलांना घेऊन ये. हात उकळत्या पाण्यात घालू नकोस.

तुझा धाकटा


ता. ४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते कळत नव्हतं. तुझं पत्र मी ह्यांच्यासमोर ठेवलं. वाटलं, रागावतील, नाही म्हणतील. हे हसले. म्हणाले, "तुझा भाऊ दिसतो तेवढा भोळा नाही." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत, मी पोरांना गाडीत बसवलं, माझं काम गेलं. तर म्हणाले, "तू सांगून रडली असतीस का तशी? तुझ्या रडण्यामुळेच शेजारपाजाऱ्यांना खरं वाटलं. विम्याकडून चौकशीला माणूस आला होता, त्याने तुझे हात बघितले आणि चहासुद्धा न घेता सही करून गेला."

मी दोन दिवस जेवले नाही. फुकट मिळालेल्या गोळ्या हे गटारात टाकतात, तेही तेव्हा बघितलं. मग मुलं घरी आली आणि चूल काही थांबत नाही.

आता तू शांतपणे वाच. मी खरं सांगायला गेले तर ह्यांची नोकरी जाईल, वर खटला होईल. पाळणाघर तर गेलंच, बाई म्हणाल्या, "एकदा नाव लागलं ते लागलं." दुकानाची अनामत भरली आहे, ती सोडली तर बुडते. दोन्हीकडून मीच मरणार. ही रजा दर दोन महिन्यांनी वाढवून घ्यावी लागते, आणि दर वेळी नवी थुंकी लागते. हे रविवारी तुझ्याकडे येतील. दे बाबा. तुला एरवी फेकूनच द्यायची असते. लोक रक्त देतात, त्याला दान म्हणतात. हे या वेळी पाचशे देणार आहेत, तुझ्या भाड्याला हातभार लागेल.

हे शेजारी बसलेले नाहीत. मी माझ्या मनाने लिहिते आहे.

तुझी ताई


ता. १२ ऑक्टोबर, सकाळी

ताईला नमस्कार.

भावोजी काल येऊन गेले. काय झाले ते जसेच्या तसे लिहितो, म्हणजे तुला त्यांच्या तोंडून वेगळे ऐकावे लागणार नाही.

ते आले तेव्हा मी दारात उन्हात बसलो होतो. "काय मेव्हणे, तयार?" म्हणाले आणि खिशातून डबी काढली. या वेळी मोठी होती.

मी म्हणालो, "देण्यासारखे काही नाही. परवा तपासली. स्वच्छ आली."

"स्वच्छ म्हणजे?"

"एकही जंतू नाही. डॉक्टर म्हणाले, आता कामावर गेलास तरी चालेल."

त्यांचा चेहरा असा पडला की क्षणभर मलाच अपराध्यासारखे वाटले. "एवढ्यात?" म्हणाले. "एवढ्यात कसा बरा झालास?" मग जवळ सरकले. आता रुमाल नव्हता. "बघ, एकदा जोरात खोक. असते आत कुठेतरी चिकटलेली." आणि डबी माझ्या हनुवटीखाली धरली. मी खोकलो. का खोकलो ते मला सांगता येणार नाही, मोठ्यांचे ऐकायची सवय असते. त्यांनी डबी उन्हात धरून, तिरकी करून पाहिली आणि म्हणाले, "हट्! नुसती लाळ आहे ही." ज्या तोंडाने ते तू वाढलेले जेवतात, त्याच तोंडाने म्हणाले.

मग म्हणाले, "असं कर. गोळ्या थांबव."

"काय?"

"महिनाभर. आतले परत वर येतील. आमचे काम झाले की सुरू कर. रोजचे वीस देतो. बसून वीस कोण देतो आजकाल?"

मी सांगितले की मध्येच सोडल्या तर आजार परत येतो आणि मग त्याच गोळ्या त्याला लागू पडत नाहीत. नर्सने पहिल्याच दिवशी सांगितले होते, त्याने माणसे मेली आहेत.

"नर्सला काय जाते सांगायला? तिला पगार आहे."

मी आत जाऊन सफरचंदांच्या पिशवीतले दोनशे आणले. ते मी खर्च केलेले नव्हते, आधी आपुलकीने ठेवले होते, नंतर किळस येऊन. त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मोजून घेतले. दोनच नोटा होत्या, त्या मोजल्या. जाताना म्हणाले, "बहिणीच्या संसारात माती कालवतोस. बरा झालास तो आमच्या मुळावरच आलास."

ताई, माझी एकच विचारणा आहे. गोळ्या थांबवायला सांगणार आहेत, हे तुला आधी ठाऊक होते का? ठाऊक नसेल तर तसे लिही. दुसरे काही लिहिले नाहीस तरी चालेल.

तुझा धाकटा


ता. २९ ऑक्टोबर

धाकट्यास,

पत्र मिळालं. तू लहानपणापासून प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतोस. गोळ्यांचं हे थट्टेने म्हणाले असतील, त्यांना तसं बोलायची सवय आहे. इथे मला घर चालवायचं आहे, तू तिथे शब्द मोजत बसतोस.

तुझं 'नाही' कळल्यावर आमची काय तारांबळ उडाली ते तुला काय सांगायचं. तारीख तोंडावर आली होती. शेवटी ह्यांनी दवाखान्याच्या मागे एक माणूस गाठला. तो थुंकी विकतो. खूप आजारी आहे, पायरीवर बसूनच असतो. एका डबीचे दीड हजार घेतले. दीड हजार! आणि घासाघीस करू देत नाही, म्हणतो, गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत. ह्यांच्या आधी दोघं जण डबी घेऊन उभे होते. पण काम झालं, रजा वाढली.

आता हे म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं, की हा खर्च तुझ्यामुळे झाला. घरातल्या घरात झालं असतं तर पाचशेत भागलं असतं, शिवाय ते पाचशे तुलाच मिळाले असते. तुला आता काम लागलं असेल. तेव्हा निम्मे तू पाठव, साडेसातशे. एकदम नको, दोनदा पाठवलेस तरी चालतील. मी ह्यांना तसा शब्द दिला आहे, माझं नाक कापू नकोस.

दुकानाचं उद्घाटन झालं. लाल मासे चांगले खपतात.

ताई


ता. ६ नोव्हेंबर, संध्याकाळी, कामावरून आल्यावर

ताईला नमस्कार.

काम लागले आहे. बटणांच्या कारखान्यात माझ्या जागी दुसरा बसवला होता, म्हणून आता खोक्यांच्या कारखान्यात आहे. विम्याचे पैसे भरल्याची पावती पहिल्याच दिवशी मागितली तेव्हा हिशेबनीस हसला. मी रोज मागतो. गोळ्या अजून दोन महिने आहेत, त्या एकही न चुकता घेतो.

तुझे पत्र चार वेळा वाचले. त्यात मी एक वाक्य शोधत होतो. लांबलचक नाही, साधेच. पायरीवर बसलेल्या त्या माणसाविषयी वाक्य आहे, माशांविषयी आहे, नाकाविषयी आहे. मी बरा झालो, याविषयी नाही. नर्सने म्हटले, घरमालकीणबाईंनी जिन्यावरून म्हटले, ड्रिलवाल्याने तर फाटकात मिठी मारली. तू म्हटले नाहीस. माझ्या प्रश्नाचे उत्तरही दिले नाहीस. ते मी आता मागत नाही, मिळाले आहे.

कचेरीला मी काही कळवणार नाही. माझ्या हाताने भरलेल्या डबीने सुरुवात झाली आहे, आणि तुझ्या ताटात माती मला टाकवत नाही. पण भावोजींना सांग, माझ्या दारात पुन्हा येऊ नका. त्या पायरीवरच्या माणसाला मात्र कुणीतरी गोळ्या द्यायला हव्यात. त्याला बरे होणे परवडत नाही, असे दिसते.

तू पैशांची गोष्ट काढलीस, म्हणून सगळा हिशेब लिहून पाठवतो. जुलै ते ऑक्टोबर.

खर्च:
भाडे, दोन महिन्यांचे – १८००
दूध, अंडी, पाव – २१४०
स्टोव्हचे तेल – ३१०
विमा कचेरीच्या अकरा खेपा, बसभाडे – २२०
पत्रे आणि तिकिटे – ४५
एकूण – ४५१५

मिळाले:
मोबाईल विकून – १९००
घड्याळ विकून – ४५०
ड्रिलवाल्याने कामगारांत फिरून जमवलेले – ७४०
तुझे – १००
विम्याकडून – काही नाही
एकूण – ३१९०

देणे:
दुकानदाराची उधारी – १३२५
घरमालकीणबाई, राहिलेले दोन महिने – १८००
ड्रिलवाला आणि मंडळी – ७४०
तुझे – १००, सोबत पाठवत आहे

येणे:
मालकाने कापून न भरलेले, छत्तीस महिने – २३४०, मिळण्याची आशा नाही

एका अनोळखी माणसाच्या थुंकीचे निम्मे, ७५० – देणे लागत नाही.